शेवट कुणाला, कधी सांगावा?

'स्पॉयलर' हा शब्द आता आपल्या घराघरांत शिरला आहे. काही वर्षांपूर्वी तो फक्त नातवंडांच्या तोंडी असे. आता पंचाहत्तरी गाठलेली मंडळीही "आधीच सांगतो, स्पॉयलर नको हं" असे बजावून मग गप्पांना बसतात. अर्थ सर्वांना ठाऊक आहे. नाटक, सिनेमा, मालिका किंवा सामना समोरच्याने अजून पाहिलेला नाही, आणि पुढे काय होते ते आपण त्याला आधीच सांगून टाकतो. मराठीत यासाठी रहस्यभेद, रसभंग असे शब्द सुचवले जातात. आम्हाला रसभंग जवळचा वाटतो, कारण नुकसान रहस्याचे होत नसते, ऐकणाऱ्याच्या रसाचे होत असते. पण बोलण्यात स्पॉयलरच रुळला आहे, म्हणून इथेही तोच ठेवतो. १९७१ साली 'नॅशनल लॅम्पून' या अमेरिकन विनोदी मासिकात डग केनी यांनी याच नावाचा एक लेख लिहिला होता. त्यात गाजलेल्या कथा-चित्रपटांचे शेवट एकेका ओळीत सांगून टाकले होते. वाचकांचा वेळ आणि पैसा वाचावा हा उदात्त हेतू! ती थट्टा होती. आपल्याकडे काही जण मात्र हे काम फार गांभीर्याने करतात.

आपल्या इंदुरात हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा जास्त नाजूक आहे, आणि लेख लिहायचे कारण तेच. तिकडे एखादे नाटक महिनोन्महिने चालते. प्रेक्षक एकमेकांना अनोळखी असतात, काल कुणी काय पाहिले याच्याशी आजच्या प्रेक्षकाचा संबंध येत नाही. आपल्याकडे मुंबईहून संच येतो, दोन दिवसांत सगळ्या गटांचे प्रयोग करतो आणि सामान बसमध्ये भरून परत निघतो. शनिवारी पाहणारे आणि रविवारी रात्री पाहणारे हे एकमेकांचे शेजारी, व्याही, जुने सहकारी असतात. रविवारी सकाळी पोहे-जिलबीच्या दुकानापाशी गाठ पडते आणि पहिला प्रश्न "काल नाटक कसं झालं?" हाच असतो. आता या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. पण आपल्यातला शनिवारचा प्रेक्षक "छान झालं" म्हणून थांबला तर तो मराठी माणूस कसला? तो पहिला अंक सांगतो, दुसरा सांगतो, आणि जिलबी संपेपर्यंत पडदा पाडूनच घरी जातो. गेल्या वर्षी असाच प्रकार होऊन आमच्या माहितीतल्या दोन घरांत महिनाभर बोलणे बंद होते. वरकरणी कारण क्षुल्लक. पण ज्यांना शेवट ऐकावा लागला ते गृहस्थ गुडघ्यांच्या दुखण्यामुळे वर्षभरात तीन-चार वेळाच घराबाहेर पडतात, आणि त्यातली एक संध्याकाळ त्यांनी त्या नाटकासाठी राखून ठेवली होती.

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ पासून चालू आहे. मध्ये कोविडमुळे मार्च २०२० मध्ये ते बंद पडले, ते मे २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. खून कुणी केला हे अगदी शेवटी कळते. पडदा पडण्यापूर्वी एक नट पुढे येऊन प्रेक्षकांना विनंती करतो की हे गुपित बाहेर कुणाला सांगू नका. नाटक चालू असेपर्यंत मूळ कथा ब्रिटनमध्ये पुस्तकरूपाने छापू नये, अशीही लेखिकेची अट होती. आता सत्तर वर्षांत लाखो लोकांनी ते पाहिले, शोधणाऱ्याला उत्तर केव्हाही मिळते. तरीही ती विनंती रोज होते आणि बहुसंख्य लोक ती पाळतात. आम्हाला यात गंमत वाटते ती अशी की इथे कायदा नाही, दंड नाही. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाने रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या प्रेक्षकाचा विचार करायचा, एवढेच.

हिचकॉक यांनी १९६० साली 'सायको'च्या वेळी जरा कडक मार्ग धरला. त्या काळी अमेरिकेत लोक सिनेमा अर्ध्यावर असताना आत शिरत आणि पुढच्या खेळात राहिलेला भाग पाहून उठत. हिचकॉक यांनी चित्रपटगृहांना बजावले की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचे नाही. लोक कुरकुरले, पण रांगा लागल्या. हिंदीतही असे प्रयत्न झाले आहेत. २०१७ सालच्या 'इत्तेफाक'च्या वेळी निर्मात्यांनी शेवट फोडू नका अशी मोहीमच चालवली होती. आणि 'बाहुबली'च्या पहिल्या भागानंतर, जुलै २०१५ पासून एप्रिल २०१७ पर्यंत, कटप्पाने काय आणि का केले हा एकच प्रश्न साऱ्या देशाने चघळला. उत्तर गुप्त राहिले म्हणून दुसऱ्या भागाला पहिल्या दिवशी एवढी गर्दी झाली, हे कुणीही मान्य करील.

यावर आपल्या ज्येष्ठ मंडळींचा एक ठरलेला आक्षेप असतो. "अहो, रामायणाचा शेवट कुणाला ठाऊक नाही? म्हणून कीर्तन ऐकायचं थांबलोय का आपण?" आक्षेप वजनदार आहे. वाल्मीकी रामायणाच्या पहिल्याच सर्गात नारदमुनी सगळे रामचरित्र थोडक्यात वाल्मीकींना सांगून मोकळे होतात. म्हणजे नारदांचा लौकिक तिथपासूनचा आहे! महाभारतात तर याहून नवल आहे. युद्धाचे दहा दिवस झाल्यावर संजय रणांगणावरून परततो आणि धृतराष्ट्राला आधी सांगतो की भीष्म पडले. मग धृतराष्ट्र विचारतो, कसे पडले ते सांग, आणि तिथून युद्धाची कथा सुरू होते. ऐकणाऱ्याला निकाल माहीत आहे, त्याला हवे आहे ते त्यामागचे कसे आणि का.

आमच्या मते उत्तर इथेच आहे. काही कलाकृतींचा प्राण 'काय झाले' यात असतो आणि काहींचा 'कसे झाले' यात. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये सगळे संशय खोटे आहेत हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. रंगमंचावरच्या पात्रांना ते ठाऊक नसते, आणि हसू त्यातूनच येते. अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ साली आले. निपाणीच्या त्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने काय काय उद्योग केले हे पाठ असूनही लोक पणशीकरांना पाहायला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जात. अशा नाटकाचा शेवट सांगितलात तर कुणाचे काही जात नाही. पण रहस्यकथेचे तसे नाही. तिथे लेखक दोन तास माहिती दडवत असतो, आणि आपण ती दोन सेकंदांत उघडी करतो. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. आमच्या लहानपणी वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कुणीतरी आधीच्या वाचकाने एखाद्या पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढून 'हाच तो' असे लिहून ठेवलेले असे. कधी कधी तो खोटेही लिहीत असे, हा त्यातला आणखी दुष्ट प्रकार!

शास्त्रज्ञांनीही यात हात घातला आहे. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील लेव्हिट आणि ख्रिस्टनफेल्ड या दोघांनी लोकांना १२ लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा थोडी जास्तच आवडली असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हापासून स्पॉयलर देणाऱ्यांच्या हाती हा आयता दाखला आला आहे. पण पुढे इतर संशोधकांना याच्या उलटही आढळले. शेवट कळल्यावर कथा मनाला कमी भिडते असे त्यांच्या पाहणीत दिसले. शिवाय कुणीतरी दिलेली लघुकथा वाचणे वेगळे, आणि तिकीट काढून, रिक्षा ठरवून, आठवडाभर वाट पाहून नाटकाला जाणे वेगळे.

बरे, स्पॉयलर म्हणजे फक्त शेवट सांगणे नव्हे. "मी काहीच सांगत नाही, फक्त शेवटची दहा मिनिटं जागेवरून उठू नका" असे कुणी म्हटले की झाले. ऐकणारा पहिल्या मिनिटापासून शेवटच्या दहा मिनिटांची वाट पाहत बसतो. "तो डॉक्टर दाखवलाय ना, त्याच्याकडे नीट लक्ष द्या" हे त्याहून वाईट. एखाद्या नटाचे कौतुक करताना "दुसऱ्या अंकात तो नाहीये, पण जेवढा आहे तेवढा मस्त" असे म्हणणारेही भेटतात. तो दुसऱ्या अंकात का नाही हे समजायला फार अक्कल लागत नाही. आणि एक प्रकार प्रेक्षागृहातला. नाटक दुसऱ्यांदा पाहणारे गृहस्थ शेजारी बसलेले असतात. विनोद व्हायच्या आधी यांचे हसू येते, आणि कोपराने ढोसून "आता बघा, आता तो येईल" हे चालूच. घरी टीव्हीसमोर हे काम बहुधा घरातलेच कुणीतरी करते, म्हणून तिथे बोलणेही अवघड जाते.

मालिकांबद्दल फार लिहीत नाही. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' चालू होती तेव्हा रात्री घरोघरी फोन उचलले जात नसत. पण एकूण पाहता मालिकांचे पुढचे प्रसंग वाहिन्याच जाहिरातीतून चार दिवस आधी दाखवतात, तेव्हा तिथे शेजाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. वेब-सिरीजची गोष्ट वेगळी. तिचे सगळे भाग एकाच दिवशी येतात, कुणी एका रात्रीत आठ भाग संपवतो, कुणी महिनाभर पुरवून पाहतो. म्हणून तिथे बोलण्याआधी "कुठपर्यंत आलात?" हे विचारण्याची तरुणांची पद्धत आम्हाला फार आवडली. तीन शब्द लागतात... छे, दोनच! आणि तेवढ्यात काम होते.

आता क्रिकेट. कर्नल सी. के. नायडूंचे आणि होळकर संघाचे हे गाव. सुशील दोशींचे समालोचन रेडिओवर ऐकत वाढलेले आपण लोक. रेडिओच्या काळात एक सोय होती, सगळ्यांना सगळे एकाच क्षणी कळत असे. पानाच्या ठेल्यावर, बँकेत, घरात एकाच वेळी आरडाओरडा होई. आता एकाच इमारतीत तीन वेगवेगळ्या वेळा चालू असतात. डिशवर किंवा केबलवर सामना मैदानापेक्षा काही सेकंद उशिरा दिसतो. मोबाइलवर किंवा इंटरनेटच्या टीव्हीवर तो आणखी मागे असतो, अनेकदा वीस-तीस सेकंद, कधी त्याहून जास्त. याचे कारण साधे आहे. इंटरनेटवरून चित्र सलग येत नाही, काही सेकंदांचे तुकडे करून पाठवले जाते. आणि मध्येच अडकू नये म्हणून आपला फोन दोन-चार तुकडे जवळ जमा झाल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही. नेट कितीही वेगवान असले तरी हे अंतर पूर्ण जात नाही. म्हणून चौथ्या मजल्यावर मोबाइल पाहणाऱ्याला दुसऱ्या मजल्यावरची केबल आधी निकाल सांगते.

२९ जून २०२४ ची रात्र आठवा. ब्रिजटाउनचा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर मिलरने उंच फटका मारला आणि सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर तो झेल घेतला. चेंडू आत उडवला, स्वतः रेषेबाहेर गेला, परत आत येऊन पकडला. ज्यांना हे सगळे चित्रासह पहिल्यांदा दिसले त्यांच्या छातीत त्या दोन सेकंदांत काय झाले असेल! आणि ज्यांच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत यायचा होता, त्यांना खालच्या मजल्यावरच्या जल्लोषाने आधीच सांगून टाकले होते. भारत ७ धावांनी जिंकला, राजवाड्यावर नेहमीप्रमाणे झेंडे घेऊन गर्दी लोटली, पण तो एक झेल त्यांचा गेला तो गेलाच.

आता कुणी म्हणेल, शेजाऱ्याने ओरडायचे नाही की काय? असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. भारत जिंकताना तोंडावर हात ठेवून बसणे कुणाच्या प्रकृतीला मानवणार नाही. उलट आमचा सल्ला असा की शेवटची पाच षटके इमारतीतल्या मंडळींनी एकाच घरात, एकाच टीव्हीसमोर बसून पाहावीत. चहाची सोय आळीपाळीने करावी. ज्यांना एकट्यानेच पाहायचे त्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात आणि फोनवर येणाऱ्या धावसंख्येच्या सूचना बंद ठेवाव्यात. गावाला गप्प बसवण्यापेक्षा आपले कान झाकणे सोपे.

परदेशातल्या मुलांचे मात्र लक्षात ठेवायला हवे. आयपीएलचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होतो तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजलेले असतात. मुले कामावर असतात. ती घरी येऊन, जेवून रात्री आठला सामना लावतात, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. नेमके त्याच सुमारास आपले उठणे होते, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर सुप्रभातासोबत "काय जिंकलो काल!" हेही जाते. आमच्या घरी ठरले आहे की सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत क्रिकेटवर अक्षर लिहायचे नाही. कॅलिफोर्नियात कुणी असेल तर दुपारपर्यंत. थेट सामना फोनवर बोलत बोलत बरोबर पाहायचा असेल, तर आणखी एक युक्ती. आपली केबल पुढे असते, त्यांचे नेट मागे. विकेट पडली की आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतो, तोंडातून अवाक्षर काढत नाही, आणि तिकडून "बाबा, आउट!" असा ओरडा आला की मग आम्हीही ओरडतो. तेवढ्या अर्ध्या मिनिटाची शांतता अवघड असते, पण सात समुद्रांपलीकडचा सामना एकत्र पाहिल्यासारखा वाटतो.

गुपित किती दिवस पाळायचे, हाही वादाचा मुद्दा. आम्ही आयुष्य बँकेत काढले. नोकरीला लागतानाच निष्ठेच्या आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते; एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला सांगायची नाही, मग ते सख्खे भाऊ का असेनात. पण मुदत ठेवीची मुदत कधीतरी भरतेच, तशी गुपिताचीही भरते. आमचा हिशेब असा. नाटकाची मुदत शेवटच्या गटाचा शेवटचा प्रयोग संपेपर्यंत, त्याआधी मुळीच नाही. सिनेमाची ढोबळ मानाने तो गावातल्या चित्रपटगृहांत आहे तोवर, कारण आपल्यातले पुष्कळ जण पहिली गर्दी ओसरल्यावर दुपारच्या खेळाला जातात. सामन्याची दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. त्यानंतर मात्र न पाहणाऱ्याने रुसू नये. चार महिन्यांनी "मी अजून पाहिलं नाही" म्हणून सगळ्या बैठकीचे तोंड बंद करणे हाही शिष्टाचाराला धरून नाही. त्याने हसत उठावे, जरा गॅलरीत जाऊन यावे. जुन्या गोष्टींबद्दल एकच सांगतो. 'वो कौन थी' १९६४ चा आहे, आपल्यासाठी मुदत केव्हाच भरली. पण सोळा वर्षांची नात तो पहिल्यांदा पाहायला बसली असेल तर तिच्यासाठी तो आजच लागला आहे, आणि तिच्या शेजारी बसून गाणी गुणगुणावीत, पुढचे प्रसंग सांगू नयेत.

ग्रुपवर लिहायचेच असेल तर पहिल्या ओळीत नाटकाचे नाव आणि 'ज्यांनी पाहिले त्यांच्यासाठीच' एवढे लिहून, पाच-सहा ओळी मोकळ्या सोडून मग मजकूर लिहावा, म्हणजे फोनच्या वरच्या पट्टीत शेवट दिसत नाही. पोह्यांच्या दुकानात विचारणा झाली तर अभिनय, नेपथ्य, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो का, मध्यंतर केव्हा होते, प्रयोग किती वाजता सुटतो, हे भरपूर सांगावे. मागच्या रांगेतल्यांना खरी गरज याच माहितीची असते.

आणि काही वेळा सांगणेच योग्य असते. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा झिंगाटवर नाचायला मिळेल म्हणून लोक लहान मुलांना घेऊन गेले, आणि शेवटानंतर मुले गप्प होऊन घरी आली. अशा वेळी प्रसंग न सांगता "शेवट फार जड आहे, छोट्यांना नेऊ नका" एवढे सांगणे हे कर्तव्यच. घरात नुकतेच कुणी गेले असेल आणि नाटकात तसाच मृत्यू असेल, तर नात्यातल्या माणसाने हळूच कानावर घालावे. मग जायचे की नाही ते त्यांनी ठरवावे. रक्तदाबवाल्यांचे आणखी निराळे. आमच्या एक मावशी आहेत, वय ८४. प्रत्येक सिनेमाच्या आधी त्या आम्हाला शेवट विचारून घेतात. "मला ती धडधड सोसत नाही रे, सगळं नीट होतं ना तेवढं सांग" म्हणतात. त्यांना आम्ही सविस्तर सांगतो, कोण वाचते, कोण जाते, कुणाचे लग्न होते ते सगळे. फक्त स्वयंपाकघरात नेऊन, दार लोटून सांगतो, कारण बाहेर दिवाणखान्यात बाकीची मंडळी दिवे मालवून बसलेली असतात.